खोलता न येणारा बोल्ट

मंगळवार, चौदा तारीख
दुपारचा एक वाजून दहा मिनिटं

ती. दादास,

नमस्कार. वहिनींनाही सांग. मी बरा आहे, वेळेवर जेवतो, दाढी करतो. आईला एवढं पुरे. आठ महिन्यांनी लिहितोय तर जरा गोडीनं सुरुवात करावी, पण आज तेवढी उसंत नाही.

आज सकाळी साडेअकराला मी एका गाडीखाली पाठीवर पडून "ठणठणीत आहे" एवढे दोनच शब्द बोललो. तिथंच सगळं फिरलं. कसं ते सांगतो, थांब.

मी एका गॅरेजात आहे. डोंगरातल्या, खाणीतल्या, रस्ता नसलेल्या वाटांच्या गाड्या इथं येतात. त्यांचे धक्के झेलणारे शॉकअप जिथं चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला धरतात, ते ब्रॅकेट आम्ही बनवतो. सगळा मार तिथंच बसतो. मिस्त्री कडक आहेत, पण माझ्या हातावर खूश. गॅरेजच्या वरची खोली त्यांनीच दिलीय. खिडकीतून अंगण दिसतं.

आत्ताच उठून बघून आलो. ती अजून खोकी चढवतेय.

ती म्हणजे दवाखान्याची गाडी चालवणारी. सगळे तिला कप्तान म्हणतात. वरच्या वस्त्यांवर औषधं नेते, येताना आजारी माणसं आणते. मला इंजिनिअर म्हणते. मी तिची चूक दुरुस्त करत नाही. हसू नकोस दादा. तिनं गिअर टाकला तरी मला इथं वर कळतं की तीच आहे.

तिच्या गाडीचे ब्रॅकेट मी केले. जीव ओतून केले. सगळ्यांना सहा मिलिमीटरची प्लेट, तिला बारा. आधी बोल्ट बसवला, मग वरून प्लेट झाकून चारी बाजूंनी वेल्डिंग. मिस्त्री वाकून म्हणाले, "अरे शहाण्या, नटाला पाना कुठून घालायचा? डोंगरात पाना मिळतो, वेल्डिंग कापायला ग्राइंडर मिळत नाही."

मी म्हणालो, "तुटलं तर खोलायचं ना!"

काल तिनं चारचौघांत सांगितलं, "ह्याच्या हातचं काम म्हणजे दगड." रात्रभर मी हवेत.

आज ती ग्रीसिंगला आली. मी खाली सरकलो, बॅटरी मारली. माझी प्लेट होती तशीच, दगडासारखी. पण वेल्डिंगचा टाका जिथं संपतो तिथं चासीला केसाएवढी चीर. प्लेट इतकी जाड की ती हलतच नाही. मग सगळा हिसका बिचाऱ्या चासीच्या पत्र्यावर. नुसता बोल्ट काढावा म्हटलं, तर पाना शिरेना. बोटसुद्धा शिरेना.

वरून ती ओरडली, "काय इंजिनिअर, झोपलास की काय?"

आणि मी म्हणालो, "ठणठणीत आहे."

दोनला निघणार आहे ती. सोबत नर्सबाई. उतरताना आजारी माणसं. त्या उतारावर चासी फाटली तर...

हे वाक्य मी तीनदा खोडलं.

अजून एक सांगायचंय, तेच खरं अवघड. कॉलेजातल्या सरांनी वर्गात माझी अक्कल काढली असं मी घरी सांगितलं होतं. माझ्यासाठी तू कॉलेजात भांडायला गेलास, आणि परत येऊन म्हणालास, "जा, सरांची माफी माग." मी ताट सरकवून उठलो, ते घराबाहेरच पडलो. दादा, सरांनी अक्कल काढली नव्हती. माझं ड्रॉइंग त्यांनी उजेडाकडे धरलं, "सुरेख आहे" म्हणाले. मग विचारलं, "पण हा बोल्ट खोलायचा कसा?" एवढंच. वर्ग हसला, आणि मी ड्रॉइंग फाडून निघून आलो. तुला हे तिथंच कळलं असणार. तरी तू घरात कुणाला बोलला नाहीस.

पावणेदोन झाले. तिनं मागचं फळकुट लावलं.

खाली जाऊन काय होईल ते दिसतंय. मिस्त्री सगळ्यांसमोर सोलून काढतील. ती नुसती बघेल, तेच वाईट. मग ग्राइंडर घेईन, माझा दगड कापीन, चीर भरून घेईन. त्यावर पातळ पट्टी, लांबवर पसरलेली. बोल्ट धरायला दोन्ही बाजूंनी कान, भोकाच्या पट्ट्या. नट बाहेरच्या अंगाला, साध्या पान्यानं रस्त्यात तिला एकटीला खोलता येईल असा. रात्र होईल. वस्त्यांवर उद्या जाईल. नाहीतर दुसऱ्या कुणाकडून करून घेईल, आणि पुन्हा इथं येणारच नाही.

गाडी सुरू झाली.

पत्र खिशात घेतो. किल्ली टेबलावरच ठेवतोय. हे दार ओढलं की आपोआप लागतं, म्हणजे मागे फिरून लपायची सोय उरणार नाही. ओढतोय.

तुझा,
इंजिनिअर नसलेला भाऊ