भुकेला न जुमानणारा जीन

सोमवार, ३ मार्च, सकाळी ११
जीन पेटला! तोही भरल्या पोटी! मायक्रोस्कोपवर बसणाऱ्या ताईंनी स्वतः बघून सांगितलं, हो, हिरवं दिसतंय. एवढंच बोलल्या. थक्क झाल्या असणार.
आमचे मातीतले अमीबा, बॅक्टेरिया खायला मिळतात तोवर, एकेकटे चरतात. उपासमार झाली की हजारोंनी गोळा होऊन देठ उभा करतात. त्या कामाचे जीन तेव्हाच चालू होतात, असं पुस्तक म्हणतं. जीन चालू झाला की पेशी हिरवी चमकते, ही आमची सोय. माझा नवा जीन भुकेची वाटच बघत नाही!
शुक्रवारच्या बैठकीत आमच्या लॅबप्रमुख मॅडम ठरवणार, प्रोजेक्ट माझ्याकडे ठेवायचा की ज्युनिअरला द्यायचा. प्रश्न मिटला.
संकल्प: नम्र राहायचं.

मंगळवार
ज्युनिअरने विचारलं, दादा, जेवलेत ना ते नक्की? म्हटलं, बॅक्टेरिया मी स्वतःच्या हाताने घातलेत. मग प्लेटवर त्यांचा पांढरा थर का नाही, म्हणाली. फस्त केला असेल. मत्सर वाईट.

बुधवार, सायंकाळी
मॅडमनी विचारलं, तुलनेसाठी भुकेचा जुना, माहितीतला जीन ठेवला होतास, तो तरी बंद आहे ना? तोही चमकतोय. म्हणजे शोध एक नाही, दोन! डबा अर्धाच खाल्ला. मसालेदार होता.

गुरुवार, दुपारी ४
ज्युनिअरने माझी वही उघडली. प्लेटा स्वच्छ राहाव्यात म्हणून मी अँटिबायोटिक दुप्पट घातलं होतं. त्याने बॅक्टेरिया मेले, वाढलेच नाहीत. म्हणाली, दादा, तुम्ही त्यांना जेवायला बसवलंत आणि स्वयंपाक फेकून दिलात!
माणसाने स्वच्छसुद्धा राहू नये?
नव्याने करायला चार दिवस हवेत. हातात एक रात्र. अँटिबायोटिकची ओळ बैठकीच्या स्लाइडवर मावत नव्हती, काढली. ज्युनिअर म्हणाली, उद्या नऊपर्यंत मॅडमना तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते.

शुक्रवार, ९.४०
सांगितलं. नऊला दोन मिनिटं कमी असताना. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, अमीबा शहाणे निघाले रे, उपाशी होते, उपाशासारखे वागले.
दहाला बैठक. बोलणार ज्युनिअर. स्लाइड पुढे सरकवायच्या मी.