शंभराव्या गुणाचा केक

तीर्थस्वरूप व्हर्लीनआत्यास,

आर्डेलचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार (उजवा आता पुरता वाकत नाही, तो मनाने वाकवला आहे असं समज). तुझी कंबर कशी आहे? चर्चमध्ये गाताना अजून ड्वेनकाकाच्या बेसूर आवाजाशेजारीच उभी असतेस का?

तुझं पत्र मिळालं. आपल्या शाळेत बास्केटबॉल प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली, मुख्याध्यापिका मिसेस ओव्हरटर्फ माझ्या उत्तरासाठी महिनाअखेरपर्यंत थांबणार आणि तू तर त्यांना “आमचा आर्डेल येणारच” असं सांगूनही टाकलंस. बरोबर केलंस. मी येतोय. (हे वाक्य काल डायरीतही लिहिलं. तिथेही खरं वाटलं.)

कॉलेज संपल्यावर “एकच वर्ष परदेशात खेळून येतो” म्हणून इंडियानातून निघालो, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. तेवढ्यात दहा क्लब झाले, सहा देश झाले, आणि बॅग मात्र कुठेच तळापर्यंत रिकामी केली नाही. या जर्मन गावात माझं सगळं छान चाललंय, असं म्हणायला हरकत नाही. घरमालकीण टोन्येसबाई रविवारी चेंडूचा एक टप्पासुद्धा खपवून घेत नाहीत, खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकतात. क्लबने दिलेल्या गाडीवर प्रायोजक खाटकाचं नाव आहे, आणि टपापर्यंत पोचणारा एक रंगवलेला सॉसेज. परवा मन लागेना म्हणून उगाच स्टेशनाभोवती चार चकरा मारल्या, तर दुसऱ्या दिवशी तो खाटीक विचारतो, “काय साहेब, कुठे निघाला होतात?” कुठेच नाही, म्हणालो. तेच खरं होतं, आणि तेच मला झोंबलं.

आता शनिवारचं सांगतो. हंगामातला शेवटचा सामना, आमचे नव्याण्णव गुण, मिनिटभर बाकी आणि सगळं गाव उभं राहून ओरडतंय. इथली रीत अशी की संघाला शंभरी गाठून देईल त्याने पुढच्या सरावाला सगळ्यांना स्वतःच्या हातचा केक खाऊ घालायचा. त्यामुळे बास्केटखाली एकटा मोकळा उभा असलेला आमचा सात फुटी योर्न चेंडू हातात येताच तापल्या तव्यासारखा परत फेकू लागला. बाकीचेही तसेच. प्रशिक्षक वेसेल बाकावर चढून ओरडले, “अरे मेल्यांनो, टाका ना कुणीतरी!” तेवढ्यात योर्न म्हणाला, “म्हाताऱ्या, तू टाक. तू तर चाललास, तुला कोण केक मागणार?”

म्हणणं बिनतोड होतं. जन्मभर मी गार्ड; चेंडू पुढे न्यायचा आणि दुसऱ्याच्या हाती सोपवायचा, हेच माझं काम. या वेळी सोपवला नाही. टाकला, आणि गेला.

पण शनिवारनंतर या हंगामात सरावच नव्हता. पुढचा सराव ऑगस्टमध्ये, नव्या हंगामाचा पहिला. हे टाकताना मला माहीत नव्हतं का? तीन दिवस स्वतःला विचारतोय. चाललो होतो म्हणून टाकला, की जाता येऊ नये म्हणून? योर्न मात्र रोज दिसेल तिथे विचारतो, “काय रे, चॉकलेटचा आणणार ना?”

तर आत्या, ठरलं ते ठरलं. माझी खोली झाडून ठेव.

तुझा,
आर्डेल

ता. क. तुझ्या त्या साय-साखर भरून भाजलेल्या ‘पाय’ची कृती उलटटपाली पाठव, इथे तोही केक म्हणून खपेल. अठरा माणसांची.

ता. क. दुसरा. तो ‘पाय’ ऑगस्टच्या उकाड्यात टिकतो का, तेही लिही.

ता. क. तिसरा. मिसेस ओव्हरटर्फना माझा होकार नक्की कळव. कोणत्या वर्षापासून, असं त्यांनी विचारलं, तर ड्वेनकाकाच्या गाण्याचा विषय काढ.