वहिनीची चूक

प्रिय धाकट्या,

मंगळवारी सकाळी तुझ्या हॉटेलातली ती पाटी मी उतरवली. चोरी झाली म्हणून तू आकांडतांडव केलंस आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना नाही नाही ते बोललास, असं कानावर आलं. आधी जाऊन त्यांची माफी माग. मागच्या दाराची किल्ली तूच मला दिली होतीस, डुगडुगणारी टेबलं सवडीने नीट करायला. साडेसहाला मी आत शिरलो, स्टुलावर चढलो आणि चार स्क्रू सोडवले. त्या पाटीची चौकट माझ्याच हातची. 'दादा, अशी कर की माझ्या नातवंडांनी पाहिली पाहिजे,' म्हणाला होतास, म्हणून तीन सुट्ट्या घालवून मी ती घासली. आत काय रंगवून घेणार ते मात्र सांगितलं नव्हतंस. डोक्याला हात लावून उभी असलेली एक बाई, हातातून निसटलेला वाडगा, आणि खाली ठळक अक्षरांत 'वहिनीची चूक : आमची खासियत'. पाटी माझ्या कामाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभी आहे. ती तुला परत मिळणार नाही.

हॉटेलाला वर्ष झालं त्या दिवशी तू माईक हातात घेतलास, तेव्हापासून हे माझ्या मनात साठलंय. समोर दीडशे माणसं, आणि तू आपला सुटलास. 'ही माझी वहिनी. नवीन आली तेव्हा बाईसाहेबांना मीठ कुठलं नि साखर कुठली कळत नव्हतं. एकदा काय झालं, फळांचा अख्खा वाडगा खिम्यात उपडा! घाबरून वरून बटाटा थापला, नवऱ्याला दिसू नये म्हणून. कारण आमचा दादा म्हणजे जमदग्नी! मग ते संपवलं कोणी? या पठ्ठ्याने! मी नसतो तर हिचं काही खरं नव्हतं.' लोक टेबलं बडवून हसले. तीही हसली, तोंडावर हात धरून. मीही हसलो. मला दुसरं काही करायची मोकळीक नव्हती. ती का नव्हती, ते पुढे लिहितो.

तुझा विनोद तुझ्यापुरता तिथेच संपला. आमच्या घरी तो मुक्कामाला आला. इस्त्रीवाला कपडे देताना म्हणतो, 'काय चूकवहिनी, आज काय सांडलं?' वरच्या मजल्यावरची सूनबाई पाहुण्यांना घेऊन येते आणि दारातून हिच्याकडे बोट दाखवते, 'याच त्या!' हिने सगळं हसण्यावारी नेलं. पण गेल्या महिन्यात एकदा पानावर बसल्यावर तिने मला विचारलं, 'मी मीठ घातलंय ना हो? जरा बघता?' अठ्ठावीस वर्षांत या बाईने कधी चव घेऊन पाहिली नव्हती. नुसत्या वासावरून तिला कमी-जास्त कळायचं. आता ती तीन-तीनदा चमचा तोंडाला लावते, आणि तरी मला विचारते.

तू तो पदार्थ इतकी वर्षं खाल्लास आणि आता विकतोस, तर तो होतो कसा याचा एकदा तरी विचार कर. आदल्या संध्याकाळी जर्दाळू भिजत पडतात. सकाळी ते फुगले की बिया काढून एकेकाचे चार तुकडे करायचे. सफरचंद आंबटच हवं, गोड चालत नाही, म्हणून ती बाजारातल्या फळवाल्याशी हुज्जत घालायची आणि तो वैतागून म्हणायचा, 'बाई, लोक गोड शोधतात, तुम्ही एकट्याच उलट्या.' कांदा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत ढवळायचा, मग खिमा, मिरपूड, दालचिनीचा एवढासा तुकडा, चमचाभर सिरका. खिम्यातलं पाणी आटल्यावरच फळं आणि मनुका, आधी नाही, नाहीतर सगळं गिजगिजीत होतं. उकडलेला बटाटा गरम असतानाच दूध-लोणी घालून मऊ करायचा, मातीच्या पसरट भांड्यात खिम्यावर पसरायचा आणि काट्याने रेघा ओढायच्या, म्हणजे त्यांचे कंगोरे खरपूस होतात. मग ते भांडं फडक्यात बांधून कोपऱ्यावरच्या बेकरीत. पाव काढून झाल्यावर भट्टी जरा निवली की बेकरीवाला ते आत सरकवायचा. आता मला सांग, जी बाई आदल्या संध्याकाळी जर्दाळू भिजवते, तिच्या हातून दुसऱ्या दिवशी ते चुकून पडतात? तुझा आचारीही आदल्या संध्याकाळीच भिजवतो. तो तुला कधी म्हणाला नाही, साहेब, ही कसली चूक?

तू सात वर्षांचा होतास. आई गेली, बाबा तर आधीच गेले होते. मी एकवीस वर्षांचा, नुकताच सुतारकामाला लागलेला, आणि ही वीस वर्षांची पोर, लग्न होऊन तीन महिने झालेले. तू तिच्या हातचं खायला तयार नव्हतास. दुधात बुडवलेला साखरेचा पाव, बस. ताट पुढे केलं की ढकलायचास आणि म्हणायचास, 'तू माझी आई नाहीस.' मी समजावलं, एकदा हातही उगारला, तिने मध्ये येऊन धरला. दोन महिन्यांत तुझ्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, याच्या पोटात मांस, भाजी, फळ काहीतरी गेलंच पाहिजे, नाहीतर याला दवाखान्यात दाखल करावं लागेल. त्यानंतर चार दिवस ती नुसती घरची कामं उरकत राहिली. मला वाटलं, खचली. पाचव्या दिवशी ती फळं घेऊन आली.

पुढचं तुला आठवतं, पण उलट्या बाजूने. तू शाळेतून आलास तेव्हा ती त्या भांड्यापुढे रडवेली होऊन बसली होती. 'माझ्याकडून चूक झाली रे. खिम्यात फळं पडली. तुझ्यासाठी नव्हतंच हे. आता तुझा दादा येईल आणि मला घराबाहेर काढील. तो यायच्या आत हे संपवायला मला मदत करशील?' तू आधी दारातून बघत राहिलास. मग दप्तर टाकलंस, चमचा घेतलास आणि बटाट्याचा थर फोडलास. आत गोड लागलं. तू अर्धं भांडं संपवलंस, घाईघाईने, मध्येच दाराकडे बघत. मी खिडकीबाहेर उभा होतो. आत कधी शिरायचं ते तिने ठरवून दिलं होतं. मग मी दार आपटलं आणि ओरडलो, 'काय केलंय आज जेवायला?' तू तोंड पुसलंस आणि माझ्या डोळ्यांत डोळे घालून म्हणालास, 'वहिनीने काही नाही केलं.' त्या दिवशी तू पहिल्यांदा तिला वहिनी म्हणालास.

मग दर आठवड्याला तिची 'चूक' होत राहिली आणि तू दर आठवड्याला तिला वाचवत राहिलास. पुढे तूच हळूच विचारायचास, 'वहिनी, आज चूक कर ना.' हळूहळू बाकीचं जेवणही खायला लागलास. आणि मी दार आपटत राहिलो. मला मोठ्याने बोलायची सवय नाही. गावच्या शाळेत गुरुजी कविता म्हणायला उभं करायचे तेव्हा दुसऱ्या बाकावरही माझा आवाज पोचत नसे. कामावर एकांतात ओरडायचा सराव करायचो, रंध्याच्या आवाजात. तुझ्या मनात माझा जमदग्नी झाला तो तेव्हा. तू मोठा झालास, तुझी मुलं झाली, आणि त्यांनाही तू सांगितलंस, काकांपुढे जपून. तुझी धाकटी माझ्या मांडीवर बसायला घाबरते. इतकी वर्षं मी खोटा रागावलो, धाकट्या. आज पहिल्यांदा खरा रागावलोय.

कधीकधी मनात येतं, तुला हे केव्हाच कळलं असेल. इतका हुशार माणूस तू. तसं असेल आणि तरीही तू तो माईक हातात घेतला असशील, तर हे पत्र फाडून टाक आणि माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. कळलं नसेल, तर त्याला आम्ही दोघं जबाबदार आहोत. तू दहा-अकरा वर्षांचा झाल्यावर मी तिला म्हणालो होतो, आता सांगून टाकू, हसेल. तिने मला रोजच्या प्रार्थनेच्या जागी नेऊन बसवलं आणि माझ्याकडून शब्द घेतला. म्हणाली, 'आईविना पोर आहे. मोठ्या भावापासून आपण वहिनीला वाचवलं, एवढं एकच त्याच्याकडे आहे. ते काढून घेऊ नका. मला बावळट समजला तर समजू दे.' मी देवासमोर हो म्हणालो. म्हणून त्या दिवशी दीडशे लोकांत मी हसलो.

आता हे का लिहितोय ते. येत्या रविवारी तू दुसरं हॉटेल उघडतोस, आणि तिने सगळ्यांसमोर उभं राहून तो वाडगा पुन्हा उपडा करावा, अशी तुझी फर्माईश आहे. ती लगेच हो म्हणाली. तुझ्या कुठल्या गोष्टीला ती नाही म्हणाली आहे? सोमवारी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तर ती ओट्यापाशी उभी होती, हातात रिकामा वाडगा. तो सुटू द्यायची, दचकायची, डोक्याला हात लावायची. मग वाकून उचलायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मला पाहून म्हणाली, 'खरं वाटतं का हो? की मुद्दाम केल्यासारखं दिसतं?' त्यानंतर रोज सकाळी मी देवापुढे बसलो आणि मला या शब्दातून मोकळं कर म्हणालो. आज उठलो आणि त्याला न विचारता हा कागद घेतला. तिलाही विचारलं नाही, नाहीतर तिने पेन काढून घेतलं असतं. दिलेला शब्द मोडल्याचा दोष माझा, त्याची शिक्षा मी भोगीन. तुझं लहानपणीचं ते एवढंसं शौर्य मी तुझ्याकडून काढून घेतलं, याचं वाईट वाटत नाही असं नाही. पण माहीत नसल्याचं सोंग आम्ही दोघांनी पुरेसं केलं. आता तुला माहीत आहे.

तुझ्यावर रागावलेला, आणि तरीही तुझाच,
दादा