सांगोल्याचे तान्ना आणि पेणकरपाड्याचे अध्यक्षपद

स्वस्ति श्री सकलराजापूरप्रांतभूषण, आमसूलकुलशिरोमणी, प्रतिवर्ष-आगळ-प्रेषक, पुरातन-स्कूटरारूढ साडूवर्य श्रीमान बाळाराव यांचे चरणी पेणकरपाडानिवासी त्र्यंबकाचा नमस्कार. (साष्टांग घालण्याचा मानस होता, कंबरेने संमती नाकारली.) सौ. विनिताचा गुडघा आता वळतो ना?

विशेष वृत्त असे की, नाशिकची वाइन पिऊन स्वतःस रसिक म्हणवणाऱ्या सामान्य जनांपासून मी विभक्त झालो आहे. गतमासी सांगोल्याच्या पलीकडे, जेथे एसटीसुद्धा विचार करून थांबते, अशा स्थळी मी एक अज्ञात वायनरी शोधून काढली. पत्र्याची शेड, तीन टाक्या, एक श्वान आणि मालक, एवढाच संसार. परंतु तेथे 'तान्ना' नामक दुर्मीळ फ्रेंच द्राक्षजातीच्या अकरा ओळी आहेत! (हे नाव उच्चारताना मी नाकात किंचित रेंगाळतो, आपणही सराव करावा.) एक बाटली घेऊन परतलो. आपल्या मेहुणीस, मंजुळेस, घरात मद्याचा वासही चालत नाही, हे आपण जाणताच. म्हणून लेबल भिजवून काढले आणि ती बाटली आपण सोलकढीसाठी धाडलेल्या कोकम-आगळाच्या बाटल्यांच्या रांगेत अज्ञातवासात ठेवली. (त्याही काळ्या, त्याही बुचाच्या, पांडवांनाही इतकी सोय नव्हती.)

रविवारी सायंकाळी गच्चीवर आस्वादसमारंभ योजिला. आमचे सेक्रेटरी भावेशभाई, जे मला आजवर केवळ 'तीनशे चार' या नावाने ओळखत, आणि शेजारचा कुलदीप उपस्थित होते. मी पेला फिरवला, उजेडात धरला, पाव तास प्रवचन केले. भावेशभाईंनी घोट घेताच मुखकमल आक्रसले. "काका, खारा छे!" मी क्षणही दवडला नाही. म्हटले, ही भूमीची लवणता. मिठागरांच्या गावात राहून मीठ ओळखू नये? कुलदीप म्हणाला, "अंकल, गला पकडती है, पर चढती नहीं." मी उत्तरलो की उच्च कुळातील मदिरा कोणाच्या डोक्यावर चढत नसते. तिसऱ्या पेल्यानंतर भावेशभाईंनी दीर्घ ढेकर देऊन घोषणा केली, "काका, ॲसिडिटी गई!" आणि तत्क्षणी सोसायटीच्या द्राक्षास्वाद मंडळाच्या अध्यक्षपदी माझी एकमताने निवड झाली. आता लिफ्टमध्ये ते मला 'अध्यक्षसाहेब' म्हणतात. (तीस वर्षांच्या नोकरीत मला साहेब कोणीही म्हटले नाही, हे आपणांस ठाऊक आहेच.)

त्याच वेळी खाली आमच्या घरी मंजुळेचे भजनी मंडळ जमले होते. तिची सोलकढी पिऊन सरूबाई, ज्या अकरा वर्षे नुसत्या टाळ वाजवत, त्यांनी गौळण सुरू केली ती थांबवेनात. निघताना सर्व भगिनी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. भक्तीचा महिमा.

आपला,
त्र्यंबक (अध्यक्ष)

ता. क. तान्ना गच्चीवर गेलेच नव्हते, हे मला जेवताना उरलेल्या सोलकढीच्या पहिल्या घोटाला उमगले. आम्ही प्यालो ते आपले आगळ. येत्या रविवारी नऊ सभासद येत असून सर्वांस तेच 'तान्ना' हवे आहे. माझे अध्यक्षपद आपल्या हाती आहे. सहा बाटल्या, तितक्याच खारट, त्वरित धाडाव्यात. विनितास कारण सांगू नये. बहिणी-बहिणींचा फोन रोज असतो.

ता. ता. क. भजनी मंडळासही पुन्हा तीच सोलकढी हवी आहे. मंजुळा चार वेळा करून पाहून आता नारळास दोष देते. मीही देतो.

आणि हो, मागील खेपेस एका बाटलीचे बूच सैल होते. माझा पांढरा लेंगा खालून जांभळा झाला आहे. याविषयी दोनदा लिहिले. आपले उत्तर नाही.