शीलान खुर्चीत बसली

प्रिय दिलोवान,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या काळजात धस्स झालं असेल. घाबरू नकोस, या वेळी आत फोटो नाही. माझ्याकडून आलेल्या फोटोचं तुझ्या छापखान्यात काय होतं, हे इथल्या प्रत्येक पोरीला ठाऊक आहे. पोरगी लढाईत गेली की मोठं पोस्टर, खाली नाव आणि चौकातली भिंत. तरी आघाडीवर आलेली प्रत्येक पोरगी माझ्या कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसते, केस विंचरते, आईनं दिलेला फुलाफुलांचा रुमाल बांधते. मेल्यावर तरी चांगलं दिसायला हवं, म्हणून एकमेकींना चिडवतात.

तुझी बहीण तेवढी बसायची नाही. शीलान, हे नाव घेतलंय तिनं इथं. कॅमेरा दिसला की तोंड फिरवायची. “नेस्रीनताई, मी बसले की संपलंच! आणि दादा माझं पोस्टर छापणार? घरातला माझा फोटोही भिंतीवरून काढून टाकलाय त्यानं. शाई फुकट घालवायचा नाही तो,” म्हणून खो खो हसायची. बंदूक उचललीस तर मला बहीण नाही, असं म्हणालास ना तिला? फार राग आला मला तुझा. आपलं लग्न मोडलं तेव्हाही इतका आला नव्हता.

नदीपलीकडचं गाव अजून काळ्या झेंडेवाल्यांच्या ताब्यात आहे. त्यांचा एक जण वायरलेसवर रोज शिव्या घालायचा, मुंडकी उडवायच्या गोष्टी करायचा. आमच्या पोरी उलट विचारायच्या, “काय रे, आज जेवला नाहीस वाटतं?” कालपासून तो गप्प आहे. गावातून धूर निघत नाही. तिथली कुत्री नदी पोहून आमच्याकडे आलीत. हा सापळा असेल, अशी मला भीती वाटते, दिलोवान. उद्या अंधार पडला की शीलानची तुकडी पलीकडे जाणार आहे.

आज दुपारी ती आपणहून आली आणि खुर्चीत बसली. केस विंचरलेले, रुमाल बांधलेला. “काढ,” एवढंच म्हणाली. मी काढला. उठताना हळूच म्हणाली, “दादाला सांग, खाली माझं घरातलं नाव घाल.”

तो फोटो मी पाठवणार नाही. हे पत्र भाकरीच्या गाडीवाल्याकडे देतेय. पहाटे भाकरी भरून तो परत इकडेच निघेल, त्याच्या शेजारी बस आणि ये. पोस्टरवर छापायचं ते नाव तिच्या तोंडावर घे. एकदा तिला पेरीहान म्हणून हाक मार.

अजूनही तुझीच,
नेस्रीन