गुणाबाईला घेऊन अधिवेशनाला

१२ नोव्हेंबर, भोकर

क्रुझर ठरली एकदाची! उद्या सकाळी निघायचं. लातूरला पक्षाचं राज्य अधिवेशन. तालुक्यातून बायका दोघीच — मी आणि गुणाबाई. मी महिला आघाडीची तालुकाध्यक्ष, मला जाणं भागच. गुणाबाईला मात्र ओढून न्यावं लागून राहिलं. सरपंच होऊन तिसरं वर्ष, पण गावाबाहेरच्या सभेला कधी गेली नाही. घरी गेले तर नवराच पुढं आला. ग्यानोबा म्हणतो, "ताई, ती येऊन काय करणार? सरपंचकीचं सगळं मीच बघतो की."

"मग तुम्ही पण या. गाडीत जागा हाय."

तेवढ्यात आतून गुणाबाई पदराला हात पुसत आली. "मी येते." एवढंच बोलली!

घरची पिठाची गिरणी तोवर हे बघणार. ज्वारीला जातं जास्त घट्ट करू नका म्हणून बजावलंय. ऐकतील तर शपथ.

जिल्हा परिषदेची निवडणूक लवकरच लागणार म्हणतात. आमचा गट महिलेला राखीव सुटलाय. उमेदवारी माझीच — यात कुणाला शंका उरली नाही. मला तर नाहीच.

१३ नोव्हेंबर, लातूर

काय मजा आली गाडीत! नांदेडला शिवमूर्तीअण्णा चढले — देगलूरचे, जिल्ह्याचे सरचिटणीस. फोनवर मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही भाषांत एकच निरोप — "निघालो, निघालो." आणि हे सांगताना टपरीवर चहा पिऊन राहिले होते! लोह्यापासून गाणी सुरू झाली. ग्यानोबा पुढच्या सीटवर, ड्रायव्हरला रस्ता सांगत. ड्रायव्हर लातूरचाच होता.

बायकांची सोय एका मंगल कार्यालयात. दारात सोय बघणाऱ्या उमाबाई. शिरूर अनंतपाळच्या, घरचं आडत दुकान. कपाळावर विभूतीच्या आडव्या रेघा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. "शरणार्थी!" — लिंगायतांचा नमस्कार हा. "भोकरहून? लई लांबून आलाव की. आधी चहा, मग राजकारण."

संध्याकाळी गाद्यांवर बसून सगळ्या बोलायला लागलो. कुठली कुठली माणसं — पण दुखणं एकच. एकीचा दीर ग्रामसभा घेतो. एकीच्या नवऱ्याच्या गाडीवर 'सरपंच' लिहिलंय, ती मागं बसते. एक जण म्हणाली, "सत्काराला तेवढं बोलावतात. नारळ मला, हार त्यांना." हसून हसून पोट दुखलं. मग हसू थांबलं आणि उमाबाई म्हणाल्या, "नुसतं हसायचंच का? ठराव आणू."

आणला! निवडून आलेल्या बाईच्या खुर्चीत तिचा नवरा, दीर, पोरगा कुणीही बसणार नाही. बसला तर पक्ष त्याला कार्यकर्ता मानणार नाही — असं मी लिहिलं. उमाबाईंनी अडवलं. "मानणार नाही काय? पक्षात ठेवणार नाही, लिवा." लिहिलं.

गुणाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. म्हटलं दमली असेल.

१४ नोव्हेंबर

सकाळी निलंगा राइस, वर शेंगदाण्याची चटणी. मग भाषणं, भाषणं, भाषणं.

ठराव समितीकडे दिला. शिवमूर्तीअण्णा बाजूला घेऊन म्हणाले, "अक्का, विषय चांगला हाय. पण आत्ताच कशाला?" आत्ताच का नाही, ते काही सांगेनात.

मी काही सोडणार नाही.

१५ नोव्हेंबर

आजचा दिवस आयुष्यभर पुरेल!

दुपारी ठराव वाचून दाखवले. शेतीचा झाला, विजेचा झाला, नोकरभरतीचा झाला. आमचा नाहीच! सूत्रसंचालक म्हणतो — आता अध्यक्षांचं समारोपाचं भाषण. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण माझ्याआधी उमाबाई उठल्या. घोषणा नाही, काही नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. मग मी. मग आमची रांग, मग मागची. बायकांचा सगळा भाग उभा! मागून पुरुष ओरडून राहिले — "ए, बसा खाली! दिसंना गेलंय!" अध्यक्ष माईकपाशी थांबलेले. आम्ही गप्प उभ्या. शेवटी त्यांनीच विचारलं, "ताई, काय पाहिजे?"

"आमचा ठराव!"

दोन मिनिटं मिळाली. मी वर गेले. गिरणीच्या घरघरीवर बोलायची सवय, मला माईकची काय भीती! ठराव वाचला, खणखणीत. टाळ्या पण पडल्या. तेवढ्यात मागून एक जण ओरडला — "ही तुमच्यासारख्या पुढारी बायांची खुळं! खेड्यातल्या सरपंच बाईला विचारा, तिला तरी पाहिजे का!"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर गुणाबाई पायऱ्या चढून येत होती. मी बोलावलं नव्हतं. डोक्यावरचा पदर सारखा केला, माईकजवळ आली. एवढा मांडव बघून दचकली असेल असं वाटलं. नाही!

"मी सरपंच हाय. सह्या मी करते. पण सरपंचाची खुर्ची लाकडाची हाय का लोखंडाची, मला ठाव न्हाई. कधी बसलेच न्हाई." थांबली. "मला बसून बघायचंय."

मग जो कडकडाट झाला! बायका तर खुर्च्यांवर चढल्या. मंजुरीला हात वर झाले. मी पुरुषांच्या गर्दीत ग्यानोबाला शोधलं. त्याचा हात वरही नव्हता, खालीही नव्हता — कानापाशी होता, कान खाजवल्यासारखा.

ठराव मंजूर!

कार्यालयात परत आलो तर काय फुगड्या, काय गाणी! कोण कुठल्या जिल्ह्याची, कोणत्या जातीची, कुणी विचारलं नाही. उमाबाईंनी प्रत्येकीला शेंगाच्या पोळ्या बांधून दिल्या. निरोपाला गळ्यात पडून रडायचं ठरवलं होतं म्हणे. पण ऐनवेळी कोठीची किल्ली सापडेना, म्हणून ओरडत ओरडतच निरोप दिला!

१६ नोव्हेंबर, भोकर

परतीला गाणी कमी. ग्यानोबा खिडकीबाहेर बघत बसला होता. शिवमूर्तीअण्णा मध्येच खोकायचे. अहमदपूर मागं पडलं, तेव्हा ग्यानोबा मागं न वळता म्हणाला, "लोखंडाची हाय."

"काय?"

"खुर्ची. पाठीला टोचती. उशी घेऊन जा."

गाडीत असा हशा उठला! तो पण हसला. वाईट माणूस नाही ग्यानोबा.

जातं घट्टच केलं होतं ह्यांनी.

१९ नोव्हेंबर

गुणाबाईनं मासिक सभा घेतली! स्वतः. ग्रामसेवकानं सवयीनं ग्यानोबालाच फोन लावला, तर त्यानं सांगितलं म्हणे — "सरपंचाला लावा." लातूरच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर फोटो टाकला मी. उमाबाईंचा आवाजी निरोप: "उज्ज्वला, तुझ्या पाखराला पंख फुटले गं!"

माझं पाखरू! खोटं कशाला लिहू, छाती फुगली.

२३ नोव्हेंबर

गुणाबाईच्या गावात गेले होते. मला बघून उठली, चहा टाकला, पण मध्येच तीन बायका आल्या पाण्याच्या टाकीचं विचारायला. त्यांच्याशीच बोलत बसली. शेजारच्या गावच्याही होत्या त्यात. "तिकडचं काम तुझ्याकडं कशाला?" मी विचारलं. तर म्हणाली, "आल्या. न्हाई कसं म्हणू?"

चहा गार झाला. पण मला बरंच वाटलं. अशी माणसं सोबत असली की गट जिंकल्यात जमा.

२६ नोव्हेंबर

उमेदवारी जाहीर! मीच. शिवमूर्तीअण्णांनी पेढे वाटले. उमाबाई प्रचाराला आठवडाभर येऊन राहणार — "चटणी माझी, भाकरी तुझी." दिवसभर फोन थांबला नाही. गुणाबाईचा तेवढा आला नाही. कामात असेल. तिच्या गावची मतं तर घरचीच, तिकडं सभा शेवटी घेतली तरी चालेल.

२ डिसेंबर

सकाळी गुणाबाईचा फोन. "ताई, दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको, म्हणून मीच सांगून राहिले. मी पक्ष सोडला. समोरच्या पक्षानं गटाची उमेदवारी देतो म्हटलं. मी घेतली. तुमच्यासमोर."

मी चालू गिरणी बंद केली. मग विचारलं, "ग्यानोबाचं डोकं का हे?"

"न्हाई ओ. त्यांना आता सांगणार हाय."