मागच्या खोलीतली वायर

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो एकदाचे. घर बघून दादानं शीळ घातली आणि मी कमरेवर हात ठेवून मनसोक्त हसले. असं काम आता बघायलाही मिळत नाही. सगळी जुनी, कापडी वेष्टणाची वायर. नखानं खरवडलं की आतलं रबर बिस्किटासारखं भुरभुरतं. अर्थिंगचा पत्ता नाही. चिनी मातीचे फ्यूज, आणि त्यातल्या एकात फ्यूजच्या तारेऐवजी कुणीतरी केसांचा आकडा अडकवलेला. हे घर आजवर जळालं नाही हा निव्वळ योगायोग.

मालकीणबाई एकट्याच राहतात. आम्ही त्यांना काकू म्हणायचं ठरलं. टपाल कचेरीतून निवृत्त झाल्यात, बोलणंही शिक्का मारल्यासारखं. स्वयंपाकघराशेजारची खोली आम्हाला दिली आणि पहिल्याच चहाला सुनावलं की आधीचे दोन वायरमन काम अर्धवट टाकून, पकडी-हातोड्या इथंच सोडून पळाले. आम्हीही पळणार असू तर निदान कप विसळून पळावं. दादा म्हणाला, कप मी विसळतो, पळायचं काम मास्तरणीकडे, माझे गुडघे आता त्यातले राहिले नाहीत. मास्तरीण म्हणजे मी. कामगारांच्या सभांमध्ये बोलते म्हणून हे नाव.

दादाचं हे शेवटचं काम. वर्षभर त्याचा उजवा हात थरथरतोय. निघताना वहिनीनं मला बाजूला घेऊन बजावलं की तुझ्या भरवशावर पाठवतेय, जसे नेतेयस तसे परत आणून दे. मी हो म्हणाले आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पुढच्या दोन्ही खोल्या झाल्या. पद्धत बाबांचीच. बाबाही वायरमन होते. काम सुरू करण्याआधी मेन बंद करायचा, फ्यूज काढायचे आणि ते आपल्या खिशात ठेवायचे. दुसऱ्या कुणाच्या नाही.

वायर भिंतीतल्या पाइपातून गेली असेल तर जुनी कापून टाकायची नाही. तिच्याच शेपटीला नवी बांधायची, आणि पलीकडच्या खोलीतून जुनी ओढायची. जुनी बाहेर येते, नवी तिच्यामागे आत जाऊन बसते. एकानं आत सरकवायचं, एकानं ओढायचं. मध्ये भिंत असल्यानं हाका नीट पोचत नाहीत, म्हणून बाबांनी वायरवरच हिसक्यांची भाषा ठरवली होती. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे ओढ. तिसरा शब्द नाही. ही भाषा फक्त आम्हा बहीणभावांची. चाळीस वर्षं आम्ही या दोन शब्दांत कामं केली, आणि दादा म्हणतो त्याप्रमाणे भांडणंही.

दादाच्या हिसक्याआधी आता एक बारीक कंप येतो. त्याचा हात. मला तो ओळखीचा झालाय.

एक गोष्ट मात्र त्याला ठणकावून सांगितली. पकड सैल पडते म्हणून तो वायर मनगटाला गुंडाळून ओढतो. हे चालणार नाही. वीस वर्षं कामगारांपुढे मी गळा फोडून सांगतेय की अपघात नावाची वस्तू जगात नसते. असतो तो हलगर्जीपणा, आणि हलगर्जीपणाला नाव-पत्ता असतो. ‘चुकून लागला शॉक’ म्हणणाऱ्यांनी एकदा त्या माणसाच्या बायकोसमोर उभं राहून हे वाक्य म्हणून दाखवावं. दादानं टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, सभा संपली असेल तर शिडी धर.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज मागची खोली उघडली. काकू ती वापरत नाहीत. आधीच्या दोघांनी इथूनच सुरुवात केली होती, त्यांची छिन्नी अजून खिडकीत आहे. गुडघ्याइतक्या उंचीवर भिंतीत एक पाइप, तोंड बोटाएवढं, आणि त्यातून वीतभर लोंबणारी जुनी वायर. टेस्टर लावला. मेलेली. दुसरं टोक मात्र कुठल्याच खोलीत सापडेना.

ओढून बघितली. दोन फूट बाहेर आली, अडली. सोडली तर सरसरत आत परत गेली. टोक हातचं जाऊ नये म्हणून दादानं घाईनं तिला नवी वायर बांधली, तर तीही जाऊ लागली. सावकाश, थांबत थांबत. जेवायला बसलो तेव्हा निम्मं भेंडोळं संपलं होतं. चार वाजता नव्वद मीटरचं अख्खं भेंडोळं आत. आम्ही दुसरं जोडलं.

भिंत लांबीला बारा फुटांची आहे.

दादा म्हणाला, घराला भूक लागलेली दिसते. काकू हसल्या. मीही हसले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

भिंतीची पलीकडची बाजू बघून आले. मोकळं अंगण. गिलावा गुळगुळीत, ठोकला तर भरीव वाजतो. खाली पोकळी असेल, बुजवलेली विहीर असेल, वायर स्वतःच्याच वजनानं उतरत असेल. कारण असणारच. कारणाशिवाय पान हलतं असं मानणाऱ्यांशीच तर मी आयुष्यभर भांडले.

दादाचं मत, वायर कापावी, भोक बुजवावं, उरलेलं घर करून निघावं. त्याला कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. मी नाही म्हणाले. ज्या वायरचं टोक सापडलं नाही ती भिंतीत ठेवून जाणं म्हणजे उद्या इथं राहायला येणाऱ्याच्या पोराबाळांवर सुरी टांगून जाणं. आधीच्या दोघांनी हेच केलं. मी करणार नाही. दादानं वाद सोडून भेंडोळं उचललं. माझ्यापुढे तो नेहमीच माघार घेतो. आज मला ते आवडलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

मला वाटतं पलीकडे कुणीतरी आहे. शेजारचा एखादा टवाळ, तळघर असेल, काहीतरी. यंत्र असेल तर ते बोलण्याला दाद देणार नाही. माणूस असेल तर देईल. म्हणून परीक्षा घेतली.

एक हिसका दिला. वायर आत जातच राहिली, तेव्हा पकडीनं आवळून धरली. दोन हिसके दिले आणि सैल सोडली. पुन्हा एक. पुन्हा आवळली. सकाळभर हेच, पहिलीच्या वर्गात पाढे घोकून घ्यावेत तसं. अकराच्या सुमाराला एका हिसक्याला वायर आपणहून थांबली. दोनला चालू लागली. ओळीनं बारा वेळा बरोबर.

मग तिकडून आले. दोन हिसके. स्वच्छ, मोजलेले.

मी आनंदानं दादाला हाक मारली. त्यानं उंबऱ्यातूनच बघितलं. म्हणाला की ते काय आहे हे कळायच्या आधी तू त्याला आपली भाषा शिकवलीस.

मी त्याला भित्रा म्हणाले. भाऊ आहे, चालतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

क्रमानं लिहिते.

सकाळी मी पुढे, मुख्य बोर्डावर होते. दादा मागच्या खोलीत हत्यारं गोळा करत होता. आज वायर कापून भोक बुजवायचं असं मी काल रात्री मान्य केलं होतं. हो, केलं होतं. त्याला बरं वाटावं म्हणून.

साडेदहाला त्याचा आवाज ऐकला. म्हणत होता, ओढतोय गं, दमानं, हात भरून आलाय. त्याला वाटलं मला टोक सापडलं. त्याला वाटलं पलीकडून मी हिसके देतेय. दोन. ओढ. आमच्याशिवाय ही भाषा येतेच कुणाला.

मी बोर्डाजवळून ओरडले की मी इथं आहे.

हातातली पक्कड टाकली.

धावले. खोलीत त्याच्या चपला, भिंतीकडे तोंड करून, शेजारी शेजारी. चष्मा जमिनीवर, काच धड. वायर पाइपाच्या तोंडात ताणलेली, तंबोऱ्याच्या तारेसारखी. त्यानं ती मनगटाला गुंडाळली असणार. हात भरून आला होता ना.

रक्त नाही. पाइपाचं तोंड बोटाएवढं आहे. माझं बोट घालून बघितलं. करंगळी जाते.

फ्यूज माझ्या खिशात होते. सगळे. मोजले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पोलीस आले. साहेबांनी पाइप बघितला, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, या वयात माणसं जातात कधीकधी निघून, घरी काही कटकट होती का. मी विचारलं, चपला ठेवून? तर म्हणाले, बाई, जाणारा चपला बघत नाही. काकूंनीही मान डोलावली. आधीचे दोघं असेच गेले, म्हणाल्या, न सांगता, आणि त्यांचेही चपलांचे जोड इथंच होते, ते काकूंनी वाटून टाकले. त्या खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच वाटतं की वायरमन पळतात.

दादाचा फोन पिशवीत वाजतोय. वहिनी. मी उचलला नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भिंत फोडली. दीड विटेची. पाइपाच्या कडेकडेनं छिन्नी मारत अंगणापर्यंत आरपार गेले, पलीकडचा उजेड दिसला. पाइप उजेडात जात नाही. भोकाच्या मधोमध पाइप आहे, आणि तो आत जातो. कशाच्या आत ते मला सांगता येत नाही. मी वायरमन आहे, मला भिंत समजते. हे समजत नाही.

तोंड लावून हाका मारल्या. दादा. दादा, मी आहे. ओढ म्हणाले, बोल म्हणाले. दिवसभर. घसा बसला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी वायर हलली.

आधी बारीक कंप. मग दोन हिसके.

त्याचा हात. तो आहे.

ओढतेय. वायर येतेय. पण आत गेली नवी, प्लास्टिकची. येतेय ती कापडी, किडलेली, हाताला काळं लागतं. खोलीत ढीग झालाय. शंभर मीटर. जास्त.

कंपासकट हिसका त्याच्याशिवाय कोण—

मी त्याला एक-दोन शिकवलं होतं. कंप नव्हता शिकवला. मग कंप कुणी—

त्याच्या मनगटावरूनच शिकलं असेल तर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ओढायचं थांबवलं. मग वाटलं, तो असला तर. पुन्हा ओढली. तळव्यांची साल निघाली.

फोन उचलला. वहिनीनं एवढंच विचारलं की ते जेवले का. मी सांगितलं. सगळं सांगता आलं नाही. भिंतीत अडकलाय म्हणाले. ती म्हणाली, मी येतेय, तू हात लावू नकोस, तुझ्या भाषणांनी काही बाहेर येत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वहिनी आली. मला बघितलंही नाही. सरळ आत गेली, वायरवर हात ठेवला. रोज सकाळी शर्टाची बटणं लावताना तिनं तो हात धरलाय. कंप आला तशी ती खाली बसली. हेच, म्हणाली, हे तेच.

मीही बोट ठेवलं. कंप. आणि एक हिसका.

एकच.

थांब.

लगेच दुसरे, स्वच्छ. दोन. कंप नसलेले.

पलीकडे दोन हात आहेत. दादा थांब म्हणतोय. दुसरं ओढ म्हणतंय.

वहिनीला सांगितलं. तिला भाषा येत नाही. तिला एवढंच कळतंय की नवरा वायर हलवतोय. विनवलं, पायांना हात लावला. ती म्हणाली, तुला आता धोका दिसतो होय, आधी दिसला असता तर. खरं आहे. नाव-पत्ता माझाच आहे.

मी वायर कापायला पक्कड घेतली. तिनं ती हिसकावली, मला बाहेर ढकललं, आतून कडी घातली. काकू बाजारात गेल्यात. दाराला खांद्यानं धडका देऊन झाल्या. जाड दार.

अकरा वाजलेत. दाराशी बसून लिहितेय. कुणाला सापडलं तर: हिसक्याला हिसका देऊ नका. त्याला काही शिकवू नका. एकही—

ती ओढतेय. ढीग सरकल्याचा आवाज येतोय.

म्हणतेय, कंप थांबला गं. का थांबला.

आता सैल आली म्हणतेय. टोक आलं.

मी ओरडतेय, सोड म्हणून. तिला ऐकू जातंय. पण ती भिंतीशी बोलतेय, हळू, दादाशी बोलते तशी. विचारतेय, कोण आहे.

भिंतीतून उत्तर आलं. बसलेल्या घशानं. वहिनी, मी आहे, ओढ—

माझा आवाज. मी इथं बाहेर आहे आणि आत माझा—

कडी काढतेय ती. नाही. ती तर अजून भिंतीशी बोलतेय, मग कडी कोण